नावाचं चित्र काढायचंय, पण कोणत्या नावाचं?

पत्र:

सप्रेम नमस्कार. माझं वय ५४. गेल्या वर्षी पतसंस्थेतली नोकरी सोडली आणि गावातल्या वाचनालयात सुलेखनाचा वर्ग सुरू झाला तेव्हा नाव घातलं. अक्षर पहिल्यापासून बरं आहे. दिवाळीनंतर वर्गाचं प्रदर्शन आहे आणि प्रत्येकानं एकच काम द्यायचं आहे: स्वतःच्या नावाचं चित्र. नुसतं सुंदर अक्षर नको, त्या नावात तुम्ही दिसायला हव्यात, असं सर म्हणाले. इथेच माझं अडलं. माहेरचं माझं नाव सुमन. सासूबाईंचं नावही सुमन. एका घरात दोन सुमन कशा, म्हणून लग्नात माझं नाव अनुराधा ठेवलं. मला कुणी विचारलं नाही, तेव्हा तशी पद्धतही नव्हती. त्याला ३१ वर्षं झाली. सासूबाईंनी मला कधी दुखवलं नाही, त्या आता नाहीत. लेक म्हणते, सुमनच लिही, तेच तुझं खरं नाव. हे म्हणतात, त्यात काय एवढं, कुठलंही लिही. सर म्हणतात, दोन्ही नावं गुंफून एक छान रचना करा. अनुराधा लिहायला बसले की अक्षर सुबक येतं, पण कुणाला तरी पाटी रंगवून दिल्यासारखं वाटतं. सुमन लिहायला गेले तर हात अवघडतो आणि अक्षर थेट नववीतल्या मुलीचं येतं. लोक हसतील याची भीती वाटते. शिवाय सासरची माणसं म्हणतील, एवढ्या वर्षांनी हिनं हे काय काढलं! कोणतं नाव घेऊ? आणि चित्राखालच्या चिठ्ठीवर काय लिहू?

– अनुराधा (सुमन), सातारा जिल्हा

(आडनाव आणि गाव गाळलं आहे. दोन्ही नावं छापायला पत्रलेखिकेची परवानगी आहे.)

उत्तर:

ताई, नमस्कार.

सुमनताई म्हणायचं की अनुराधाताई, हे तुमचं ठरेपर्यंत मी नुसतं ताईच म्हणते.

तुमच्या पत्रात लेकीचं मत आहे, यजमानांचं आहे, सरांचं आहे आणि सासरची माणसं काय म्हणतील याचा अंदाजही आहे. तुमचं स्वतःचं असं एकच वाक्य मला सापडलं: ‘मला कुणी विचारलं नाही.’ ते लिहून झाल्याबरोबर तुम्ही ‘तशी पद्धतही नव्हती’ म्हणून त्यावर पांघरूण घातलंत. पद्धत नव्हती हे खरंच. पण विचारलं नाही, हेही तितकंच खरं. एकानं दुसरं खोडलं जात नाही. सरांनी दिलेलं काम जड जातंय ते यामुळे, असं मला वाटतं. त्यांच्या मनात अक्षरांचा अभ्यास असेल, तुमच्यापुढे मात्र ३१ वर्षं कुणी न विचारलेला प्रश्न येऊन बसला आहे.

आता जरा मागे जाऊन बघा, तुमचं नाव आजवर कुणाकुणाच्या हातानं लिहिलं गेलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीनं ‘अनुराधा’ लिहिलं असेल ते तुमच्या यजमानांनी. मग ते सगळ्यांना वाचून दाखवलं असेल, पेढे वाटले असतील. म्हणजे तुमचं नवं नाव पहिल्यांदा उमटलं ते दुसऱ्याच्या बोटानं, तुम्ही शेजारी बसलेल्या असताना. रुखवतातल्या भांड्यांवर नाव घातलं ते भांड्यांच्या दुकानातल्या माणसानं, त्या थरथरत्या यंत्रानं. ‘चि. सौ. कां. सुमन’ छापलं ते पत्रिकेच्या छापखान्यानं. शाळेच्या दाखल्यावर सुमन लिहिलं ते मुख्याध्यापकांनी किंवा कारकुनानं. आणि पुढे संगणक आल्यावर तर दोन्ही नावं एकाच ठशाची झाली. मराठी पडद्यावर वर्षानुवर्षं दिसलेला ‘मंगल’ हा फाँट र. कृ. जोशी यांनी घडवला. ते स्वतः कवी आणि मोठे सुलेखनकार होते. हा टंक वाचायला सोपा असावा म्हणून केलेला आहे आणि ते काम तो चोख करतो, पण त्यात सातारची सुमन आणि सांगलीची सुमन अगदी एकसारखी दिसते. दिसायलाच हवी.

तुमच्या सरांनी जे मागितलंय ते या सगळ्याच्या पलीकडचं आहे. आपलं नाव आपल्या हातानं, आपल्याला हवं तेवढं मोठं आणि हवं त्या आकारात काढायचं, हे काम बहुतेक बायकांच्या वाट्याला जन्मभर येत नाही. आपल्याकडे बायकांनी ‘नाव घ्यायचं’ ते उखाण्यात, आणि तेही नवऱ्याचं. तेव्हा हे प्रदर्शनाचं काम आहे म्हणून घाईघाईत उरकू नका. दिवाळीनंतर आहे ना? मग वेळ आहे.

माझं मत विचाराल तर आधी सुमन काढा. एकटं, मोठं आणि पुष्कळदा.

लेक म्हणते म्हणून नव्हे. माझं कारण वेगळं आहे. अनुराधा तुम्ही पतसंस्थेच्या व्हाउचरांवर, पासबुकांवर, मस्टरवर किती हजार वेळा लिहिलं असेल! त्या नावाला सराव आहे, म्हणून ते सुबक येतं. सुमनचा सराव तेविसाव्या वर्षी थांबला. तुमचा हात तिथून पुढे कधी गेलाच नाही, म्हणून अक्षर शाळेतलं येतं. त्याची लाज वाटू देऊ नका. ते अक्षर त्या मुलीचंच आहे आणि ती तुमच्या हातात अजून जशीच्या तशी आहे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. पहिले काही कागद तसेच राहू द्या, सुधारू नका, फाडू नका. मागे तारीख घालून ठेवा.

साधनं साधी घ्या. हार्डवेअरच्या दुकानात रंगकामाचा चपटा ब्रश मिळतो, दीड-दोन इंची. काळा पोस्टर कलर आणि जुनी वर्तमानपत्रं. जमिनीवर पसरून, खांद्यापासून हात हलवून लिहा. बोरू हातात आला की नीटस लिहायची सवय जागी होते, आणि ती सवय पतसंस्थेतली आहे. बोरू नंतर घ्या. घ्याल तेव्हा छाट तपासा: देवनागरीसाठी तो इंग्रजी कटनिबच्या उलट बाजूला तिरका लागतो. दुकानातली इंग्रजी निब वापरली तर जाड-बारीक रेषा भलत्या जागी पडतात आणि आपलं अक्षर आपल्यालाच परकं दिसतं. सरांनी हे शिकवलं असेलच.

आता अक्षरांकडे बघा. स, म, न या तिघांनाही उजवीकडे दंड आहे. तीन उभे दंड आणि वर सलग शिरोरेषा, अशी ही रचना शांत आहे, थोडी शिस्तीची, गजांच्या खिडकीसारखी. मोकळी सुटलेली एकच गोष्ट म्हणजे स-खालचा उकार. या नावात जो काही खोडकरपणा आहे तो त्या उकारात आहे. तो छोटा ठेवून बघा, मग म आणि न यांच्या खालून पार शेवटपर्यंत नेऊन बघा. शिरोरेषा काढूनच टाका आणि काय होतं ते पाहा. म-ची गाठ आणि न-ची गाठ एकदा घट्ट करा, एकदा सैल सोडा. तिन्ही दंड एका उंचीचे असायलाच हवेत असं नाही. माहेरची माणसं तुम्हाला लहानपणी ज्या हाकेनं बोलवायची, सुमे किंवा सुमी, तीही लिहून बघा. मराठी नाटकांची शीर्षकं कमल शेडगे यांनी वर्षानुवर्षं जाहिरातींत घडवली. नाटक हसवणारं आहे की काळजाला हात घालणारं, ते अक्षरांवरून कळायचं. शब्द वाचायच्या आधी त्यांनी वळणातून स्वभाव दाखवला. तुम्हालाही तेच करायचंय, फक्त नाटकाच्या जागी तुम्ही आहात.

एक विनंती. सुमन म्हटलं की फुलं काढायचा मोह होईल, आणि अनुराधा म्हटलं की नक्षत्र, चांदण्या. दोन्ही टाळा. नावाचा अर्थ काढला की चित्र त्या नावाच्या हजारो बायकांचं होतं. त्यात तुम्ही दिसणार नाही.

आपल्या जुन्या कागदपत्रांतली मोडी येते का? येत नसेल तर हे एक नाव तरी सरांकडून शिकून घ्या. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढतात आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं एकमेकांत गुंतवत जातात. ज्यांचा हात देवनागरीत अवघडतो त्यांना मोडीत कधीकधी एकदम वाट सापडते, कारण तिथे शाळेतल्या बाईंची आठवण नसते. एवढ्या एका नावासाठी तरी करून बघाच.

सुमन पुरेसं झालं, हात सैल झाला, की मग अनुराधाकडे या. आणि इथे मला तुमच्या लेकीशी थोडं भांडायचं आहे. ‘तेच तुझं खरं नाव’ असं ती म्हणते, त्यात तिची माया आहे. पण मग ३१ वर्षं नोकरी केली, घर चालवलं, तिला वाढवलं, ती बाई खोटी का? नाव दुसऱ्यानं ठेवलं हे खरं, जगलात मात्र तुम्ही. सुमन हे नाव तरी तुम्ही कुठे निवडलं होतं? तेही आत्यानं कानात सांगितलं असेल. फरक इतकाच की बाळाला विचारता येत नाही, तेवीस वर्षांच्या मुलीला विचारता येतं. आणि ते विचारलं गेलं नाही. हा फरक लहान नाही, तो मी पुसत नाही. पण त्याचं प्रायश्चित्त अनुराधानं का घ्यायचं?

अनुराधाचं चित्र काढताना सुबक अक्षर बाजूला ठेवा आणि तुमची सही समोर घ्या. घाईच्या दिवसातली, वर्षअखेरीच्या हिशेबातली सही. त्यात अ ओळखू येत असेल, पुढे एक लाट, शेवटी एखादा काना. ती सही तुम्ही घडवलीत, तांदळातल्या अक्षरांशी तिचं काही नातं उरलेलं नाही. तीच मोठी करून काढा. मग पुन्हा पूर्ण अक्षरांकडे या: रा आणि धा यांचे दोन काने, दोघांमध्ये ध, आणि त्या ध-च्या डोक्यावर घ-शी गल्लत होऊ नये म्हणून तुटलेली शिरोरेषा. सलग ओळीत मुद्दाम ठेवलेली ती फट मला फार आवडते. तुम्हाला त्या फटीचं काही करावंसं वाटतं का, बघा. आणखी एक, जे तुमच्या लक्षात आलं असेल किंवा नसेल: दोन्ही नावांत न आहे आणि दोन्हीत उकार आहे. तिथे तो स-ला होता, इथे न-ला आला.

याचा उपयोग करून दोन्ही नावं गुंफता येतील, म्हणून सरांनी तसं सुचवलं असेल. रचनेच्या दृष्टीनं ते चांगले शिक्षक आहेत हे दिसतंच आहे. तरी माझा सल्ला आहे की आत्ता गुंफू नका. दोन नावं एकात बसवली की बघणाऱ्याला लगेच बरं वाटतं, सगळं मिटलं असं वाटतं. तुमचं अजून मिटलेलं नाही. समेट आधी चित्रात करून टाकला तर मनातलं तसंच राहील आणि चित्र खोटं दिसेल. सहा महिन्यांनी, वर्षानं, तुम्हाला आपणहून ती गुंफण दिसली तर जरूर करा.

आता सासूबाई. पत्रात त्यांच्यावर एकच ओळ आहे, पण मला वाटतं या सगळ्याच्या मध्यभागी त्याच आहेत. तुम्ही सुमन काढायला बसता तेव्हा त्यांचंही नाव काढत असता, हे हाताला ठाऊक आहे. हात अवघडतो त्यातला काही भाग त्यामुळे असेल. ज्यांच्यासाठी नाव सोडलं त्यांच्या पश्चात ते परत घेतलं तर कसं दिसेल, असं कुठेतरी वाटत असेल. म्हणून एक करा. यजमानांना विचारा, आईंचं माहेरचं नाव काय होतं? सुमन हे त्यांचं जन्माचं नाव की सासरी मिळालेलं? त्यांच्या पिढीत बहुतेकींची नावं लग्नात बदलली गेली. कदाचित त्या घरात सुमन म्हणून आलेली बाई आधी दुसरीच कुणी होती. यजमानांना माहीत नसेल तर नणंदेला, मावससासूला, कुणा म्हाताऱ्या चुलत्याला विचारा. ‘त्यात काय एवढं’ म्हणणाऱ्या यजमानांना आपल्या आईचं पहिलं नाव सांगता आलं नाही, तर तेव्हा ते काय म्हणतात तेही ऐका. वाद घालायची गरज पडणार नाही. आणि ते नाव सापडलं तर एका कागदावर तेही काढा. प्रदर्शनासाठी नको, घरासाठी.

आपल्या नावात दुसरं माणूस असलं की आपण कमी होतो, असं मला वाटत नाही. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घातल्या, त्या बघा. एकनाथांनी स्वतःच्या नावाला गुरूचं नाव जोडून ‘एका जनार्दनी’ केलं. जनाबाई ‘नामयाची दासी जनी’ म्हणून सही करतात. नामदेवांचं नाव घेतात, दासी म्हणवतात, पण अभंग कुणाचा याबद्दल तिळमात्र शंका ठेवत नाहीत. त्या मुद्रा त्यांनी स्वतः घातल्या. तुमच्या सुमनमध्ये सासूबाई असतील आणि अनुराधामध्ये यजमान असतील, तर असू देत. मांडणी तुमच्या हातची असली म्हणजे झालं.

राग आला तर? येईल बहुतेक. सुमन विसाव्या-पंचविसाव्यांदा लिहिताना एकदम भरून येईल किंवा संताप येईल, आणि घरात सगळे चांगले वागले असताना हे कसलं, असं वाटेल. चांगल्या माणसांच्या घरातही विचारायचं राहून जातं. त्यांच्यावर आरोप न ठेवताही तुम्हाला राग येऊ शकतो. ब्रश खाली ठेवू नका, त्या दिवशीचे कागद बहुधा सगळ्यांत जिवंत निघतील.

कागदपत्रांचा विषय तुम्ही काढलेला नाही, तरी दोन ओळी लिहिते, कारण चित्र आणि दाखले यांची मनात सरमिसळ होते. लग्नानंतर नाव बदलणं कायद्यानं कधीच बंधनकारक नव्हतं. पुन्हा सुमन व्हायचं ठरवलंत तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद प्रसिद्ध करून घेण्याचा रस्ता आहे. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनानं लावला आहे, म्हणजे उद्या तुमच्या नातवंडाच्या नावात तुमच्या लेकीचं नाव असेल. पण यातलं काहीही आत्ता ठरवायची गरज नाही. तुम्ही चित्र काढताय, प्रतिज्ञापत्र नव्हे. भिंतीवर सुमन लावलं म्हणून बँकेतलं अनुराधा रद्द होत नाही.

प्रदर्शनात काय लावायचं? माझी सूचना अशी: दोन वेगळे कागद. एक सुमन, एक अनुराधा, मध्ये थोडी भिंत सोडून. एकच चौकट द्यायचा नियम असेल तर सरांशी बोला. कारण सांगितलंत तर ते ऐकतील असं तुमच्या पत्रातून वाटतं. नाहीच ऐकलं तर ज्या कागदावर तुमचा हात जास्त सैल होता तो लावा, मग ते नाव कुठलंही असो. आणि तो नववीतल्या अक्षरातला कागदच सगळ्यांत खरा वाटला तर तोच. हसणारा एखादा निघेल. पण वर्गातल्या किती बायकांची नावं लग्नात बदलली आहेत हे तुम्ही अजून विचारलेलं दिसत नाही. विचारून बघा, तुमच्या कागदापुढे त्या थोड्या जास्त वेळ उभ्या राहतील.

चिठ्ठीवर ‘अनुराधा’ लिहा आणि आडनाव. गावात तुम्हाला त्याच नावानं ओळखतात, आणि हे काम या अनुराधानंच ब्रश हातात घेऊन केलेलं असेल. चिठ्ठ्या छापून देणार असतील तर तुमची कोरी मागून घ्या आणि हातानं लिहा. सासरच्या माणसांना त्या दिवशी अचानक बघायला लावू नका. आठ दिवस आधी दोन्ही कागद घरात भिंतीला टेकवून ठेवा, जाता-येता नजरेला पडतील असे. कुणी विचारलं तर सांगा, ‘ही माझी दोन नावं.’ त्याहून जास्त स्पष्टीकरण देऊ नका. आणि माहेरच्या माणसांना प्रदर्शनाचं बोलावणं तुम्ही स्वतः फोन करून द्या.